हरकत आहे! पुणे महापालिकेच्या लोकसहभागाचं परीक्षण

पुणेकराचं मत मागणारे कागद वर्षभर निघत असतात, फक्त ते घरी येत नाहीत. एखादा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात असतो, एखादा राजपत्रात, एखादा झाडाच्या खोडाला अडकवलेला आणि एखादा क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर, निविदा सूचनेच्या खाली दडलेला. म्हणून इथे ही सगळी व्यवस्था एक सेवा म्हणून तपासली आहे. कुरिअरचं किंवा बँकेचं परीक्षण करतात तसंच: वेळ किती मिळतो, पावती मिळते का, आणि महापालिकेला ‘नाही’ म्हणायचं असेल तर कारण लेखी कळतं का. तिसऱ्या प्रश्नावर जवळजवळ सगळ्याच खिडक्या नापास होतात, हे आधीच सांगून टाकतो. तरीही काही खिडक्या नीट वापरल्या तर कामाच्या आहेत.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी खिडकी म्हणजे सहभागी अंदाजपत्रक. आयुक्त नितीन करीर यांच्या काळात, २००६ साली पुण्यात हे सुरू झालं. देशात तेव्हा असं करणारी शहरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पद्धत अशी: साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिका आवाहन करते, क्षेत्रीय कार्यालयात आणि संकेतस्थळावर फॉर्म मिळतो, तुम्ही तुमच्या प्रभागातलं एखादं काम सुचवायचं. एका कामाला ५ लाखांची मर्यादा. चार सदस्यांच्या प्रभागाला एकूण ७५ लाख. म्हणजे प्रत्येक काम पूर्ण मर्यादेचं धरलं तर एका प्रभागात पंधरा कामं. २०११ च्या जनगणनेवर आखलेल्या प्रभागात सरासरी ८४ हजार माणसं येतात, तेवढ्यांत पंधरा.

रकमेचा अंदाज यावा म्हणून: ४१ प्रभाग गुणिले ७५ लाख, झाले ३० कोटी ७५ लाख. २०२५-२६ चं महापालिकेचं अंदाजपत्रक होतं १२,६१८ कोटींचं. शंभर रुपयांतले पंचवीस पैसेसुद्धा नाहीत. लोकसहभागाचे फलक लावताना हा आकडा कुणी छापत नाही.

पण पंचवीस पैसे तरी नीट खर्च व्हावेत. गोची इथे तारखांची असते. अंदाजपत्रकाची चर्चा वर्तमानपत्रांत जानेवारी-फेब्रुवारीत रंगते आणि लोकांना तेव्हा सूचना सुचतात. तोवर गाडी निघून गेलेली असते. कारण तुमचा फॉर्म आधी क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे जातो. तो जागा बघतो (बघावी अशी अपेक्षा असते), एस्टिमेट करतो. मग यादी प्रभाग समितीपुढे (त्या भागातल्या नगरसेवकांची समिती), तिथून लेखा विभागाकडे, आणि त्यानंतर आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीला. जानेवारीत दिलेली सूचना धरली तर पुढच्याच्या पुढच्या वर्षात धरली जाते. बहुतेक वेळा धरलीच जात नाही.

फॉर्म बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, जागा महापालिकेची नसणं. सोसायटीच्या आतला रस्ता, मूळ मालकाच्या नावावर असलेला कोपरा, कँटोन्मेंटची हद्द. पुण्यात दोन कँटोन्मेंट आहेत, पुणे आणि खडकी, आणि रस्त्याची एक बाजू एकाकडे तर दुसरी दुसऱ्याकडे असे पट्टे आहेत. दुसरं, खातं चुकणं. क्षेत्रीय कार्यालयाकडे साधारण १२ मीटरपेक्षा अरुंद रस्ते असतात, त्यापुढचे मुख्य पथ विभागाकडे. सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांकडे, बस थांबा पीएमपीएमएलकडे, विजेचा डीपी महावितरणकडे. ‘चौकात सिग्नल बसवा’ असं प्रभागाच्या फॉर्मवर लिहिणं म्हणजे किराणा दुकानात औषध मागणं. तिसरं, एस्टिमेट मर्यादेबाहेर जाणं. सरकारी बांधकामावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे मूळ काम ४ लाख २० हजारांच्या आसपास ठेवलं तर कर धरूनही ते ५ लाखांत बसतं. अभियंता दर मनाने लावत नाही, डीएसआर म्हणजे सरकारी दरसूचीतून लावतो. ती दरसूची सार्वजनिक कागद आहे, एकदा चाळून घ्या. चौथं कारण जरा हळूच सांगण्याचं: काम झाल्यावर त्याची देखभाल कुणी करायची हे ठरलेलं नसणं. कारंजं, ओपन जिम, कॅमेरे सुचवणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून दिला तर बरं.

आता जवळून बघू. एकाच गल्लीच्या दोन सूचना.

‘आमच्या भागात फार अंधार असतो, महिलांना त्रास होतो, तरी त्वरित लाइट लावावेत ही विनंती.’

ही सूचना खरी आहे, आणि अभियंत्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. कुठे जायचं हेच त्याला कळत नाही. दुसरी अशी:

‘प्रभाग क्रमांक अमुक. शाळेच्या मागच्या फाटकापासून दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंतचा रस्ता, लांबी १४० मीटर, रुंदी ६ मीटर. सध्या तीन खांब: दोन टोकांना आणि एक मध्ये. दोन खांबांतलं अंतर ७० मीटर. खांबांवरचे क्रमांक सोबत. मागणी: फाटकापासून ३५ आणि १०५ मीटरवर प्रत्येकी एक नवा खांब, दोन्ही डाव्या हाताला, कारण उजव्या हाताला झाडांच्या फांद्या प्रकाश अडवतात. जागा सार्वजनिक रस्त्याची. रात्री साडेआठचा फोटो जोडला आहे.’

दुसरी लिहायला मोजपट्टी आणि अर्धा तास लागतो. पण तिचं एस्टिमेट टेबलावर बसून होऊ शकतं, आणि महापालिकेत ज्या कागदाचं काम टेबलावर होतं तोच पुढे सरकतो. फुटपाथबाबत हेच. ‘फुटपाथ दुरुस्त करा’ याऐवजी लांबी लिहा, चालायला मोकळी रुंदी किती उरते ते लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती किमान १.८ मीटर हवी, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, उताराचं प्रमाण एकास बारा. महापालिकेने स्वतःही २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारलेली आहेत. ‘तुमच्याच धोरणाप्रमाणे’ हे दोन शब्द अर्जात असले की उत्तर देणाऱ्याला फाइल बाजूला सारणं जड जातं.

एक खोड मात्र या योजनेला पहिल्यापासून लागलेली आहे: बाकडी, नामफलक, पेव्हिंग ब्लॉक. ५ लाखांत चटकन उरकणारी, ठेकेदाराला सोयीची, उद्घाटनाला बरी दिसणारी कामं. सोसायटीच्या कमानीला ‘लोकांची मागणी’ म्हणून पैसे मागणारे अर्जही येतात. दोष सगळा महापालिकेचा नाही. मर्यादाच अशी ठेवली आहे की तुटकी ड्रेनेज लाइन सुचवणाऱ्याला पुरे पडत नाही आणि बाकडं सुचवणाऱ्याला भरपूर होते.

काम मंजूर झालं की अंदाजपत्रकाच्या पुस्तकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत ते शोधावं. नाव सापडलं म्हणून पेढे वाटू नयेत. तरतूद म्हणजे काम नव्हे. महापालिकेत वर्गीकरण नावाचा प्रकार असतो: एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवणं. आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात वर्गीकरणाचे ठराव येऊ लागतात आणि ज्या कामाचा पाठपुरावा नाही त्याचे पैसे सगळ्यात आधी हलतात. ऑक्टोबरात क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा की निविदा निघाली का आणि कार्यादेश कधीचा आहे. मार्चमध्ये विचारलं तर ‘या वर्षी राहिलं’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि ३१ मार्चला तरतूद संपते. पुढच्या वर्षी ती आपोआप उगवत नाही, नवा फॉर्म भरावा लागतो.

तर सहभागी अंदाजपत्रकाला पाचपैकी तीन गुण. पोच मिळते, कालावधी माफक, नकाराचं कारण मात्र कळवलं जात नाही. तीनशे लोकांनी फॉर्म भरले आणि पंधरा कामं घेतली, तर उरलेल्या दोनशे पंच्याऐंशींना एक ओळीचं उत्तर द्यायला काय हरकत आहे? ‘जागा ताब्यात नाही’ एवढं लिहिलं तरी माणूस पुढच्या वर्षी तोच अर्ज घेऊन येणार नाही.

यातली प्रभाग समितीची पायरी मधली चार वर्षं गायब होती, हे लक्षात ठेवायला हवं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकार एकाच टेबलावर. सुचवणारा नागरिक, तपासणारा अधिकारी आणि मंजूर करणाराही अधिकारी. आता ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत, हद्दी बदलल्या आहेत, म्हणून फॉर्म भरण्याआधी आपला प्रभाग क्रमांक नव्या नकाशावर तपासा. जुन्या सवयीने लिहिलेला क्रमांक अर्ज भलत्याच क्षेत्रीय कार्यालयात पाठवतो. अशी पंधरा कार्यालयं आहेत. जोडनावांमुळेही घोटाळा होतो: वारजे-कर्वेनगर वेगळं, कोथरूड-बावधन वेगळं, आणि मधल्या गल्ल्यांतल्या रहिवाशांनाच खात्रीने सांगता येत नाही.

जाता जाता: प्रभाग समितीवर बिगर सरकारी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमायची तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये आहे. त्यांना मताचा अधिकार नाही, बोलण्याचा आहे. ती नेमणूक कुणाची होते यावरून त्या प्रभागातलं वारं कळतं. आणि २००९ च्या दुरुस्तीने आणलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांनी एकत्र बसून काम ठरवायचं, ही कल्पना पुण्यात कायद्याच्या पुस्तकातून रस्त्यावर उतरलेली नाही. ग्रामसभेला गावात जेवढा मान आहे त्याच्या पावपटसुद्धा शहरातल्या माणसाला मिळालेला नाही.

आता मोठी खिडकी: विकास आराखडा, म्हणजे शहरातल्या कुठल्या जमिनीवर काय होणार हे ठरवणारा नकाशा. इथे हरकत नोंदवण्याचा अधिकार महापालिकेच्या मेहेरबानीवर नाही, तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधून येतो. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं त्या दिवसापासून नाही. हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार.

हे प्रत्यक्षात कसं चालतं याचा पुण्याइतका चांगला धडा दुसऱ्या शहरात मिळणार नाही. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हरकती आल्या ८७ हजारांहून जास्त. आता हिशेब करा: प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तर २ लाख ६१ हजार मिनिटं, म्हणजे ४,३५० तास. रोज सात तास सुनावणी घेतली तर सहाशे एकवीस दिवस, रविवार आणि गणपती धरले तर दोन वर्षं. अर्थातच एका आशयाच्या हरकती एकत्र बांधून उरकाव्या लागतात. पुढे नियोजन समितीतच मतभेद झाले, मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली, आणि ५ जानेवारी २०१७ ला तो मंजूर झाला. त्याआधीचा आराखडा १९८७ चा. २०२७ पर्यंतचा आराखडा हातात आला तेव्हा दहा वर्षं उरली होती.

शेजारच्या पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्याचं तर आणखीच झालं. २ ऑगस्ट २०२१ ला प्रारूप प्रसिद्ध, हजारो हरकती, सुनावण्या, आणि २०२५ मध्ये शासनाने आराखडाच रद्द केला. ज्यांनी नकाशे छापून, वकील लावून, गट नंबर जुळवून हरकती दिल्या त्यांची मेहनत फायलीत गेली. म्हणून हरकतीची पोच, सुनावणीचं पत्र आणि जोडलेले नकाशे फेकून देऊ नका, पुढच्या प्रारूपाला तेच कागद पायाभूत ठरतात.

हरकत लिहिताना काय चुकतं? सगळ्यात जास्त चुकतं ते एकाच अर्जात सगळं लिहिणं. टेकडी वाचवा, आरक्षण (शाळा, उद्यान अशा कामासाठी जमीन राखून ठेवणं) काढा, रस्ता वळवा, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) कमी करा, सगळं तीन पानांत. सुनावणीची नोंद मुद्द्यागणिक होते, त्यामुळे एका अर्जात एकच जागा, एकच आरक्षण, एकच मागणी ठेवा. चार मुद्दे असतील तर चार अर्ज, चार पोच. अर्जात पेठ किंवा गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा (जुन्या गावठाणात सिटी सर्व्हे नंबर, समाविष्ट गावांत गट नंबर), नकाशाच्या शीटचा क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक हे लागतंच. ‘आमच्या घरामागचं मैदान’ असं लिहिलेली हरकत कुणाच्या यादीत जात नाही. सोबत त्या शीटचा तुकडा कापून त्यावर लाल शाईने हद्द काढा. आणि मागणी क्रियापदात लिहा: ‘आरक्षण कायम ठेवावं’, ‘रस्त्याची रुंदी १२ वरून ९ मीटर करावी’, ‘शाळेचं आरक्षण शेजारच्या मोकळ्या सरकारी जागेवर हलवावं’. नुसता निषेध नोंदवला तर समितीला ‘दखल घेतली’ असं लिहून पुढे जाता येतं.

दुसरी चूक जास्त महाग पडते, आणि ती चांगली माणसं करतात. ज्याच्या जमिनीवर उद्यानाचं आरक्षण पडलं तो हरकत घेणारच. ज्या तीन हजार माणसांना ते उद्यान हवं असतं ती गप्प बसतात, कारण आराखड्यात ते आहेच की. मग कागदावर चित्र असं उभं राहतं की या आरक्षणाला विरोध करणारे सतरा, पाठिंबा देणारे शून्य. हरकती-सूचना या जोडशब्दातला दुसरा शब्द यासाठीच आहे. प्रारूपात जे बरं आहे ते राहावं म्हणूनही अर्ज द्यावा लागतो. जैवविविधता उद्यानाच्या, म्हणजे बीडीपीच्या ९७८ हेक्टरांवरून झालेल्या भांडणात टेकड्यांच्या बाजूने पुणेकरांनी हे करून दाखवलं होतं. गल्लीतल्या शाळेच्या आरक्षणासाठी सहसा कुणी करत नाही.

तिसरी गोष्ट चूक नाही, सापळा आहे. आराखडा शासनाकडे गेल्यावर मंजूर होताना काही भाग सारभूत बदल म्हणून वेगळे काढले जातात. त्यांना वगळलेले भाग किंवा ईपी म्हणतात. त्यांच्यावर कलम ३१ खाली पुन्हा हरकती मागवतात, आणि या वेळी त्या महापालिकेकडे द्यायच्या नसतात, नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याकडे द्यायच्या असतात. पहिल्या फेरीत जिंकलेला माणूस दुसऱ्या फेरीला गैरहजर राहून हरतो, ते इथेच. मंजुरीच्या अधिसूचनेचं परिशिष्ट वाचायला कंटाळा येतो, पण आपला सर्व्हे नंबर त्यात शोधण्याइतकं तरी वाचा.

आराखडा मंजूर झाला म्हणजे दार बंद झालं असंही नाही. कलम ३७ चा फेरबदल वर्षभर चालू असतो. एखादं आरक्षण बदलायचं, एखादा पट्टा निवासी करायचा, तर महिनाभराची हरकतींची नोटीस निघते. आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा बदलता येते. २०२० मध्ये शहरातले तीनशेहून जास्त ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करायचा घाट याच कलमाखाली घातला गेला होता. हेतू टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर नेणं) वापरायला रस्ते मोकळे करण्याचा, जाहिरातीची भाषा मात्र वाहतुकीची. अशा नोटिशीत रस्त्यांची यादी तक्त्यात असते: कुठून, कुठपर्यंत, लांबी, सध्याची रुंदी, प्रस्तावित रुंदी. आपल्या गल्लीचं नाव तक्त्यात बोलीभाषेत नसतं, सर्व्हे नंबरांत असतं. म्हणून लोकांना समोरच्या घराच्या कंपाउंडवर पिवळा रंग पडल्यावरच कळतं.

आराखड्याच्या खिडकीला पाचपैकी अडीच. कायद्याने मिळालेली सुनावणी ही मोठी गोष्ट आहे, ती दुसऱ्या कुठल्याच खिडकीवर नाही. पण जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा बनतो तेव्हा, म्हणजे जिथे खरी चूक शिरते तिथे, लोकांना कुणी विचारत नाही. नाल्याचा प्रवाह त्या नकाशावर चुकीचा उमटला की पुढचे सगळे कागद त्या चुकीवर उभे राहतात.

झाडांच्या बाबतीत वेळ सगळ्यात कमी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली तोडीची नोटीस वर्तमानपत्रात यावी लागते आणि त्या झाडावरही लावावी लागते. हरकतीला सात दिवस. शनिवारी नोटीस लागली तर त्यातले दोन सुटीत गेले. हरकतीत झाडाचा क्रमांक, जात आणि खोडाचा घेर लिहा, घेर जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर मोजा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं, त्यामुळे वयाबद्दलचा मुद्दा अर्जात आला की वृक्ष अधिकाऱ्याला त्याला उत्तर द्यावंच लागतं.  तीन गुण, मुदतीमुळे.

पर्यावरणाच्या जनसुनावणीबद्दल पुण्यात मोठा गैरसमज आहे. एवढा मोठा गृहप्रकल्प, जनसुनावणी कशी झाली नाही, असं विचारतात. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यमापन) अधिसूचनेत बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे तिथे ‘सुनावणी घेतली नाही’ यावर भांडण्यात शक्ती घालवू नका, पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्या का यावर भांडा.

रोजच्या सेवांसाठी मोहल्ला कमिटी आहे. क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एकदा पाणी, ड्रेनेज, पथ, घनकचरा, अतिक्रमण अशा खात्यांचे लोक एका खोलीत बसतात. एवढं एकच कारण तिकडे जायला पुरेसं आहे, कारण एरवी पथवाला ड्रेनेजवर ढकलतो आणि ड्रेनेजवाला पाण्यावर. इथे दोघं समोरासमोर असतात. अट एक: इतिवृत्त लिहून घेतलं जातंय का ते पाहा, आणि पुढच्या बैठकीत सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचायला लावा. ते न झाल्यास बैठक म्हणजे चहा. पीएमसी केअर ही महापालिकेची ऑनलाइन तक्रार सोय आणि १८०० १०३० २२२ हा टोल-फ्री क्रमांक खड्डा, दिवा, कचरा यांसाठी ठीक. धोरणाचा प्रश्न तिथे टाकू नका. तक्रार ‘बंद’ दिसली तर काम झाल्याचा फोटो मागा. लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांनी नागरिकांची तक्रार समोरासमोर ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो. न्यायालयात असलेली प्रकरणं घेत नाहीत.

या सगळ्यात ज्या खिडकीची जाहिरात सगळ्यात कमी होते तिला आमच्याकडून साडेचार. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेतल्या फायली माहिती अधिकाराचा अर्ज न करता बघायची ही सोय (सध्या चालू आहे ना, ते जाण्याआधी विचारून घ्या). आयुक्त महेश झगडे यांच्या काळात २००९ मध्ये पुण्यात हे सुरू झालं आणि नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यभर जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना लागू झालं. सोमवारी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. हरकत देण्याआधी इथे या: तुमच्या सूचनेच्या फायलीवर अभियंत्याने समासात काय लिहिलंय ते दिसतं. नकाराचं जे कारण तुम्हाला कुणी कळवत नाही ते बहुतेक वेळा तिथे निळ्या शाईत, दोन शब्दांत असतं. ‘जागा खासगी.’ ‘मर्यादेबाहेर.’ ‘पथ विभागाकडे वर्ग.’

जाताना ओळखपत्र, आवक क्रमांकाची पोच आणि विषयाचं नाव लिहिलेली चिठ्ठी न्या. ‘सगळ्या फायली दाखवा’ म्हणालात तर शोधाशोधीत साडेचार वाजतात, म्हणून आवक क्रमांक आधीच विभागाच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये जुळवून ठेवा. कोणती पानं हवीत त्यांचे क्रमांक उतरवून घ्या, प्रती मिळायला ठरलेलं शुल्क भरावं लागतं. फाइल ‘वर साहेबांकडे आहे’ असं सांगितलं गेलं तर कुठल्या साहेबांकडे, कोणत्या तारखेला पाठवली, एवढं रजिस्टरमधून लिहून घ्या. तेवढ्या नोंदीवर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्याच दिवशी माहिती अधिकाराचा नेमका अर्ज करता येतो, आणि त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.